टक्के कशाचे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रानअळंबीवर पानभर लेख होता. छायाचित्रं देखणी, भाषा ओघवती आणि पानाच्या उजव्या अंगाला हिरव्या रंगाची एक चौकट. लेखाबद्दल माझी फारशी तक्रार नाही, तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. तिच्यात लिहिलं होतं : प्रथिने ३२ टक्के, 'अंड्याच्या अडीचपट'. ब-१२ जीवनसत्त्वाचा 'शाकाहारी खजिना'. आणि शेवटी सल्ला, की जीवनसत्त्वं टिकावीत म्हणून अळंबी शक्यतो कच्चीच खावी.

सोमवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, वाचलंस ना? आता माझ्या त्या गोळ्या बंद." तिला ब-१२ ची कमतरता आहे. पायांना मुंग्या येत होत्या, चार वर्षांपूर्वी निदान झालं, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं, अगं थांब जरा. तर म्हणाली, "पेपरात आलंय गं. मी चौकट कापून फ्रिजवर लावलीये." आता 'पेपरात आलंय'च्या पुढे थोरल्या बहिणीचं काय चालणार? म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली. पदार्थात पाणी किती, प्रथिनं किती, राख किती, हे मोजायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. या नोकरीने मला एक खोड लावली. कुठेही टक्के दिसले की पहिला प्रश्न मनात येतो : कशाचे? तुमच्या चौकटीतले ३२ टक्के बहुधा खोटे नाहीत. ते कशाचे आहेत, तेवढं सांगायचं राहून गेलंय आणि सगळा घोटाळा त्या राहून गेलेल्या शब्दात आहे.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा आमच्याकडे ताज्या रानअळंबीचा नमुना आला. मी १०० ग्रॅम अळंबी मोजून घेतली, सुरीने पातळ चकत्या केल्या, अॅल्युमिनियमच्या पसरट डब्यांत मांडल्या आणि १०५ अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवून घरी गेले. सकाळी डबे बाहेर काढले, डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या झाकणबंद भांड्यात, निवू दिले, तराजूवर ठेवले. डब्यांचं वजन वजा करून उरले ९.३ ग्रॅम. मला वाटलं, भट्टीत काहीतरी जळालं. वास घेऊन पाहिला, जळका नव्हता. डबे पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा वजन : ९.१. तिसऱ्यांदाही ९.१. तळाला तपकिरी, कागदासारखे कुरकुरीत कपटे पडले होते आणि मी त्यांच्याकडे बघत उभी. आमचे वरिष्ठ मागून म्हणाले, "तराजू ठीक आहे. दहातले नऊ भाग पाणी असतं, उरलेल्या एकाला अळंबी म्हणायचं."

जात आणि हवा यांनुसार हा आकडा थोडा हलतो. ताज्या अळंबीत पाणी ८५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. प्रयोगशाळा आकडे देतात ते बहुतेक वेळा या पाण्याला वगळून, म्हणजे कोरड्या वजनावर. आम्ही त्याला 'ड्राय बेसिस' म्हणायचो. त्यात लबाडी काही नाही. आज पाऊस पडला म्हणून अळंबी जड झाली, उद्या ऊन पडलं म्हणून हलकी झाली, असल्या गोंधळातून सुटून एका जातीची दुसऱ्या जातीशी तुलना करता यावी, यासाठीच ती सोय आहे. पण ती सोय वापरायची तर तुलनेतल्या दोन्ही बाजू कोरड्या हव्यात. तुमच्या चौकटीत अळंबी भट्टीतून वाळवून आणली आणि अंडं मात्र ओलंच ठेवलं.

अंडंही वाळवू या. अंड्यात पाणी सुमारे ७६ टक्के, प्रथिनं साडेबारा टक्क्यांच्या आसपास. पाणी काढून टाकलं की प्रथिनं जातात ५० टक्क्यांच्या पुढे. दूध वाळवलं तर सुमारे २६ टक्के. आणि गंमत म्हणजे पालक. पालकात ९१ टक्के पाणी आणि जेमतेम ३ टक्के प्रथिनं. तो कोरडा केला की ३० टक्क्यांच्या वर. तुमच्याच पद्धतीने गेल्या रविवारी पालकालाही 'अंड्याच्या अडीचपट' म्हणता आलं असतं. कुणी म्हणत नाही, कारण पालक आपल्या परिचयाचा आहे. अळंबी अनोळखी, म्हणून तिच्याबद्दल काहीही चालून जातं.

आता त्या ३२ कडे जरा जवळून पाहू. वाळवलेल्या अळंबीची पूड करायची, चिमूटभर पूड लांब मानेच्या काचेच्या फुग्यात घालायची, त्यात तीव्र गंधकाम्ल, थोडं पोटॅशियम सल्फेट, कणभर मोरचूद आणि शेगडी चालू करायची. आधी सगळं काळं होतं, फेस येतो, पांढरा धूर निघतो. मग तासाभराने काळं तपकिरी होतं, तपकिरी पिवळं होतं आणि शेवटी हिरवट निळं, नितळ पाणी उरतं. तो रंग आला की माझं मन अजूनही शांत होतं, हे खरं सांगते. अळंबीतला नायट्रोजन आता त्या पाण्यात उतरलेला असतो. त्यात अल्कली घालून उकळायचं, अमोनियाची वाफ बोरिक आम्लात धरायची आणि थेंब मोजत आम्लाने हिशेब करायचा. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही पद्धत मांडली. कोपनहेगनच्या एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते काम करायचे. धान्यातली प्रथिनं मोजायची तिथली गरज होती, तीच गरज जगभरच्या प्रयोगशाळांच्या रोजच्या कामाला आली.

या पद्धतीला नायट्रोजन दिसतो, प्रथिन दिसत नाही. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. बहुतेक अन्नांत हे धकून जातं. अळंबीत धकत नाही, कारण अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. कायटिन म्हणजे झिंग्याच्या आणि किड्यांच्या कवचात असतं तेच. फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं तेही अळंबीतूनच, किड्यांची पाळी नंतर आली. कायटिनमध्ये नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नाही. आपल्या पोटात त्याचं फारसं पचन होत नाही. फुग्यात मात्र तेही विरघळून प्रथिनांच्या हिशेबात जाऊन बसतं. म्हणून अळंबीसाठी ६.२५ ऐवजी ४.३८ ने गुणायची रीत पडली. म्हणजे नायट्रोजनपैकी ७० टक्केच पचणाऱ्या प्रथिनांचा धरायचा. ३२ हा आकडा ६.२५ ने आला असेल, तर नायट्रोजन निघतो ५.१ टक्के. त्यालाच ४.३८ ने गुणा : सव्वाबावीस. आणि पाण्यासकट, म्हणजे पातेल्यात पडते त्या अवस्थेतली १०० ग्रॅम अळंबी घेतली, तर प्रथिनं दोन-सव्वादोन ग्रॅम. अंड्याच्या अडीचपट सोडाच, जेमतेम सहावा हिस्सा.

(नायट्रोजन मोजून प्रथिनं सांगण्यातली ही फट किती महागात पडू शकते, ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं जात होतं. मेलामाइनचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच, त्यामुळे चाचणीत दूध सकस ठरायचं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, काही दगावली. त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता.)

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाईंना अळंबीचं वावडं आहे. उलट आहे. मला अळंबी अतिशय आवडते आणि तिचे खरे गुण तुमच्या चौकटीत आलेच नाहीत, हे माझं अर्धं दुःख आहे.

ड जीवनसत्त्वाचंच घ्या. चौकटीत त्याचा उल्लेखही नाही. अळंबीच्या पेशींत एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. अंधाऱ्या खोलीत वाढवलेल्या अळंबीला हे ऊन मिळत नाही, रानातलीला मिळतं. फिनलंडमध्ये १९९४ मध्ये झालेल्या मोजणीत लागवडीच्या पांढऱ्या बटण अळंबीत १०० ग्रॅमला ड-२ निघालं सुमारे ०.२ मायक्रोग्रॅम आणि रानातल्या एका शँटरेल जातीत सुमारे ३० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५ मायक्रोग्रॅम लागतं. प्राण्यांपासून न आलेल्या अन्नात एवढं ड जीवनसत्त्व दुसरीकडे शोधून सापडायचं नाही. लेखाचा मथळा करायचाच होता तर तो इथे होता.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी प्रयोगशाळेत नवं एचपीएलसी यंत्र (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून आलेखावर दाखवणारं) आलं होतं आणि ते वापरून बघायला आम्ही निमित्त शोधत होतो. एका पुड्यातल्या बटण अळंबीचे तीन वाटे केले. पहिला वाटा कपाटात. दुसरा गच्चीवर, चकत्या करून, पडद्यांची बाजू वर ठेवून, भर दुपारी तासभर. तिसरा त्याच वेळी खिडकीच्या बंद काचेआड, उन्हातच. कपाटातल्या वाट्याचा आलेख ड-२ च्या जागी जवळजवळ सपाट आला. गच्चीवरच्यात तिथे टेकडी उभी राहिली. आणि काचेआडच्यात? सपाटच. खिडकीची काच ऊन आत सोडते, पण कामाचे किरण बाहेरच अडवते. आमच्यातल्या एकीने त्या दिवसापासून खिडकीत बसून 'ड जीवनसत्त्व घ्यायचं' सोडलं, ती गच्चीवर जायला लागली. तेव्हा अळंबी लागवडीची असली तरी कापून थोडा वेळ उघड्या उन्हात ठेवावी. हा बिनखर्चाचा सल्ला चौकटीत बसला असता.

दुसरं एर्गोथायोनीन. नाव अवघड आहे, इलाज नाही. हे एक गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. ते आपलं शरीर बनवत नाही, झाडंही बनवत नाहीत. बनवतात ते मुख्यतः बुरशा आणि काही जिवाणू. शार्ल तान्रे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते राय धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीतून काढलं. एर्गोस्टेरॉलही त्याच गृहस्थाने त्याच बुरशीतून त्याआधी वीस वर्षं काढलेलं. दोन्ही नावांतला 'एर्गो' तिथलाच. आपल्या पेशींच्या दारावर एर्गोथायोनीन आत ओढून घेणारा खास वाहक आहे, हे २००५ मध्ये कळलं. शरीर एखाद्या पदार्थासाठी स्वतंत्र दरवान ठेवतं, म्हणजे त्याचं काहीतरी काम असणार, असं मानून संशोधक मागे लागलेत. त्याने अमुक रोग बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तसं कृपया छापू नका. पण हा पदार्थ अन्नातून मिळवायचा तर अळंबी, त्यातही बोलेटससारख्या रानातल्या जाती, ही सगळ्यांत भरघोस जागा आहे.

बाकीचं भराभर सांगते. पोटॅशियम भरपूर, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे केळ्याच्या पंगतीला बसेल इतकं. त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताव मारू नये. सोडियम नावालाच. ब गटातली रायबोफ्लेविन, नायसिन आणि पँटोथेनिक आम्ल चांगल्या प्रमाणात. तांबं आहे, जस्त आहे. चरबी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्वासाठी अळंबीकडे जाऊ नये. आणि ज्या कायटिनने प्रथिनांच्या हिशेबात घोळ घातला, तेच तंतुमय पदार्थ म्हणून आतड्यांच्या कामाचं. अळंबी कितीही शिजवा, पालकासारखी तिची चिखलरबडी होत नाही, दाताखाली लागत राहते, तेही कायटिनमुळेच. उष्णतेला ते दाद देत नाही.

चवीचा मुद्दा पोषणात धरत नाहीत, मी धरते. अळंबीत ग्लुटामेट असतं आणि ग्वानिलेटही. ही दोन एकत्र आली की एकमेकांची चव नुसती वाढवत नाहीत, कितीतरी पटींनी चढवतात. वाळवलेल्या अळंबीत तर जास्तच. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाला अळंबी घातलेलं अन्न कमी मिठात खपतं. हा फायदा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आता बहिणीच्या ब-१२ कडे. बहुतेक अळंब्यांत ते नसतंच, किंवा असून नसल्यासारखं. शँटरेल आणि 'ब्लॅक ट्रंपेट' नावाची काळी, कर्ण्यासारखी जात, या दोहोंत ते खरोखर सापडलंय : १०० ग्रॅम वाळलेल्या अळंबीत साधारण १ ते २.६ मायक्रोग्रॅम. तुमच्या 'खजिन्या'चा उगम बहुधा इथे असावा. पण 'वाळलेल्या' हा शब्द इथेही गळाला. प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे चांगल्यात चांगला नमुना हाती लागला तरी बहिणीला रोज जवळपास किलोभर ताजी शँटरेल खावी लागेल, कमीत कमी ब-१२ असलेला नमुना निघाला तर दोन किलोंहून जास्त. तेही जिला ब-१२ आधीच कमी आहे आणि मुंग्या येऊन गेल्यात, तिने. ब-१२ फार काळ कमी राहिलं तर मज्जातंतूंना होणारी इजा पुरती भरून येतेच असं नाही. मी तिला हा गुणाकार फोनवर करून दाखवला. ती म्हणाली, "मग पेपरवाल्यांना कसं नाही कळलं?" प्रश्न तुमच्याकडे पोचवला.

'रानातलं म्हणजे शुद्ध' असा लेखाचा एकूण सूर होता. अळंबी मातीतून खनिजं शोषते ती निवड करून नाही. सेलेनियम शोषते, तसंच कॅडमियम आणि पाराही. धातू वितळवणाऱ्या कारखान्यांच्या आणि वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेची अळंबी कितीही टवटवीत दिसली तरी मी खाणार नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर युरोपच्या जंगलांत पडलेलं किरणोत्सारी सीझियम अळंबीत उतरलं. 'बे बोलेट' या तपकिरी टोपीच्या जातीत तर विशेष, कारण तिच्या रंगद्रव्यालाच सीझियम चिकटतं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, त्यामुळे तिथल्या काही भागांत अजूनही अळंबी तपासतात. उकळून पाणी फेकलं तर सीझियम बरंचसं निघून जातं, पण रसायनाच्या नात्याने ते पोटॅशियमचं भावंड. एक गेलं की दुसरंही जातं, आणि पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही सोबत जातात. जिथे धोका आहे तिथे हा तोटा सोसावा, जिथे नाही तिथे अळंबी तिच्याच सुटलेल्या पाण्यात आटवावी.

राहिला कच्चं खाण्याचा सल्ला. तो वाचून मात्र मी खुर्चीतून उठलेच. मोरेल ही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खाद्य अळंब्यांपैकी एक. २०२३ च्या वसंतात अमेरिकेच्या माँटाना राज्यात कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघं दगावले. त्या मोरेल लागवडीच्या होत्या, म्हणजे ओळखण्यात चूक झाली असंही म्हणायला जागा नाही. अनेक चांगल्या जातींत उष्णतेने मोडणारी विषारी द्रव्यं असतात. शिवाय अळंबीत ट्रेहॅलोज नावाची साखर असते आणि ती पचवणारं विकर काही माणसांत कमी असतं, त्यांना पोट बिघडण्याचा अनुभव शिजवलेल्या अळंबीनेही येतो. शिजवल्याने थोडी जीवनसत्त्वं जातात हे बरोबर. जाऊ द्यात.

पण चौकटीतली सर्वांत मोठी उणीव आकड्यांची नाहीच. तिच्यात अळंबीचं नावच नव्हतं! नुसतं 'रानअळंबी', जणू ती एकच वस्तू आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २००४ मध्ये केलेल्या संकलनात ८५ देशांतून खाद्य म्हणून ११५४ जाती नोंदवल्या होत्या, पुढे २०२१ च्या एका मोजणीत हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. यातल्या एकीचं ड जीवनसत्त्व, दुसरीचं ब-१२ आणि तिसरीची प्रथिनं घेऊन चौकट बनवली, तर तशी अळंबी कुठल्याच रानात उगवत नाही.

आणि नाव चुकलं तर पोषणाचा हिशेब करायला माणूस उरत नाही. 'डेथ कॅप' ही अळंबी खाऊन वाचलेल्यांनी ती चवीला चांगली होती असं सांगितलंय. तिचं विष शिजवून, वाळवून, गोठवून जात नाही. खाल्ल्यावर निदान सहा तास, कधी बारा तासांहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि तेवढ्या वेळात यकृत निकामी होत असतं. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, साल सहज सुटते, या पारखण्या तिच्यापुढे फोल आहेत. गोगलगायी ती खुशाल खातात.

ओळखीची जातही कायमची निर्धास्त नसते. युलियुस शेफर हे जर्मनीतले नामवंत अळंबीतज्ज्ञ १९४४ मध्ये जी खाऊन वारले ती 'पॅक्सिलस' जात त्या काळी शिजवून खायला योग्य मानत. ती पुन्हा पुन्हा खाल्ल्याने एखाद्याच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात आणि एके दिवशी ही प्रतिद्रव्यं त्याच्याच तांबड्या पेशी फोडू लागतात. फ्रान्समध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत पिवळ्या 'ट्रायकोलोमा'चे १२ रुग्ण आहेत, त्यातले तिघं गेले. ती जात शतकानुशतकं खाल्ली जात होती. या बाराजणांनी ती लागोपाठच्या जेवणांत, भरपूर खाल्ली आणि त्यांचे स्नायू विरघळू लागले. २००४ मध्ये जपानमध्ये 'एंजल विंग' या पांढऱ्या, नाजूक अळंबीने १७ जण दगावले, बहुतेकांना मूत्रपिंडाचा जुना आजार होता. आता विचार करा, 'पौष्टिक आहे, रोज खा' असं ज्याच्या मनावर ठसवलं जातं, तो नेमकं काय करतो? लागोपाठ खातो, भरपूर खातो.

पत्र लांबलं, कल्पना आहे. छापताना कापावं लागलं तर केल्डालच्या फुग्यातले रंग कापा, मला वाईट वाटेल पण चालेल. पुढील मजकूर तेवढा शाबूत ठेवा. चौकटीची दुरुस्ती म्हणून मीच लिहून देते :

'ताज्या खाद्य रानअळंबीत १०० ग्रॅममागे पाणी ८५ ते ९५ ग्रॅम, प्रथिने साधारण २ ते ३ ग्रॅम, ऊर्जा २५ ते ३५ किलोकॅलरी. जातीनुसार फरक पडतो. ऊन मिळालेल्या अळंबीत ड जीवनसत्त्व चांगले. ब-१२ साठी अळंबीवर विसंबू नये, चालू गोळ्या बंद करू नयेत. पूर्ण शिजवूनच खावी. एकच जात रोज, भरपूर खाऊ नये. जाणकाराने हातात घेऊन ओळखलेली नसेल तर खाऊच नये. गेल्या रविवारी दिलेले प्रथिनांचे आकडे कोरड्या वजनावरचे होते.'

ही चौकट जुनीच्याच मापाची आणि त्याच हिरव्या रंगात छापावी, ही विनंती. बहिणीच्या फ्रिजवर जुनी अजून लटकते आहे, नवी तिच्यावर नेमकी बसली पाहिजे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अन्नविश्लेषक